दोन सेंटिमीटरचा मासा, नाव काय त्याचे?

वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे एकाच विषयावर आहेत. दक्षिण अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातली, बोटाच्या पेराएवढी कॅटफिश नेमकी कोणत्या जातीची, हे घरच्या टाकीसमोर बसून कसे ठरवायचे? हे प्रश्न एकत्र घेतले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत. फोटोंबद्दलचे तर मुद्दामच लांब ठेवले आहे, कारण ओळख अडते ती बहुतेक वेळा तिथेच.

प्रश्न : ‘पिग्मी कोरी’ या नावाने दहा मासे घेतले. सगळे साधारण अडीच सेंटिमीटरचे. सात माशांच्या अंगावर तोंडापासून शेपटीपर्यंत सरळ काळी रेघ आहे. उरलेल्या तिघांना ती रेघ नाही, पण शेपटीच्या बुडाशी ठसठशीत काळा ठिपका आहे. हा नर-मादीचा फरक म्हणायचा, की जातीच वेगळ्या?

उत्तर : जातीच वेगळ्या. या चिमुकल्या कोरींमध्ये (कोरी म्हणजे कोरीडोरस गटातली कॅटफिश) नर-मादीचा फरक नक्षीत शोधू नये, अंगलोटात शोधावा. वरून पाहिले की मादी छातीच्या परांमागे रुंद दिसते, नर सडपातळ. तुमच्याकडचे रेघवाले मासे कोरीडोरस पिग्मियस आहेत आणि ठिपकेवाले कोरीडोरस हॅस्टॅटस. दोन्ही जाती तळाला बसून न राहता मधल्या पाण्यात थव्याने पोहतात आणि आकारानेही जवळपास सारख्या असतात, म्हणून त्यांची सरमिसळ सहज होते.

खात्री करण्यासाठी आधी पिग्मियसची रेघ नीट पाहा. ती तोंडाच्या टोकापासून निघते, डोळ्यावरून जाते, मध्ये कुठेही तुटत नाही आणि शेपटीच्या बुडाशी थोडी रुंदावते. तिच्या खाली, पोटाच्या बाजूला, आणखी एक बारीक रेघ असते. ती पोटाच्या परांमागून सुरू होऊन शेपटीकडे जाते. अनेकांच्या नजरेतून ही दुसरी रेघ सुटते, आणि ओळखीसाठी तीच मोठ्या कामाची. हॅस्टॅटसचा ठिपका साधा गोल नसतो. तो चौकटच्या आकाराकडे झुकणारा असून त्याला लागून पांढरी कोर असते. काळ्याला खेटून असलेल्या या पांढऱ्यामुळे ठिपका लांबूनही उठून दिसतो. हॅस्टॅटसच्या अंगावर कधी धाग्याएवढी फिकट रेघ असते. तिला पिग्मियसची रेघ समजण्याची चूक वारंवार होते.

पिल्लांच्या बाबतीत घाई नको. पिग्मियसच्या पिल्लांवर सुरुवातीला उभे करडे डाग असतात. साधारण पहिल्या महिन्यानंतर ते विरतात आणि आडवी रेघ दिसू लागते. त्यामुळे दीड सेंटिमीटरच्या आतल्या माशावर ‘रेघ नाही’ एवढ्यावरून निकाल देऊ नये.

हॅस्टॅटसचे शास्त्रीय वर्णन १८८८ साली झाले. तो ॲमेझॉन आणि पॅराग्वे या दोन्ही नद्यांच्या खोऱ्यांत मिळतो. पिग्मियसचे वर्णन बरेच उशिरा, १९६६ मध्ये, माडेइरा नदीच्या खोऱ्यातल्या माशांवरून झाले. दोन्ही जाती एका टाकीत सुखाने राहतील: बारीक वाळू, २२ ते २६ अंश तापमान, सौम्य प्रवाह आणि तोंडात मावेल असे बारीक खाद्य, म्हणजे नुकती फुटलेली आर्टेमिया (कोळंबीसारखे अगदी बारीक जीव) किंवा चुरलेले दाणे. मात्र पिल्ले काढायची असतील तर दोन्ही थवे वेगळे करा आणि दोन्हींची संख्या आठ-दहापर्यंत न्या. तीन हॅस्टॅटस हा थवा होत नाही. ते पिग्मियसच्या मागे मागे फिरतील, पण बुजलेलेच राहतील.

प्रश्न : माझ्या माशांवर रेघही नाही आणि शेपटीचा ठिपकाही तसा नाही. फिकट तपकिरी अंग, वरच्या भागावर बारीक शिंतोडे, कुशीवर काळसर डागांची ओळ. लांबी दोन सेंटिमीटरच्या आसपास. विकताना नाव ‘कोचुई’ सांगितले. खरे का?

उत्तर : बहुधा नाही. या वर्णनाचे मासे कोचुई या नावाने विकले जातात खरे, पण ते जवळजवळ नेहमी कोरीडोरस हॅब्रोसस निघतात. दोन्ही जाती लहान, दोन्ही ठिपकेदार, दोन्ही तळाशी वावरणाऱ्या. फरक मुळात ठिकाणाचा आहे. कोचुईचे वर्णन १९५४ साली ब्राझीलच्या अराग्वाया नदीतल्या माशांवरून झाले. हॅब्रोससचे १९६० साली झाले आणि तो ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला, म्हणजे व्हेनेझुएला आणि कोलंबियातला. खरा कोचुई विक्रीला क्वचितच येतो. म्हणून विक्रेत्याला जात विचारण्यापेक्षा माल कोणत्या देशातून आला ते विचारा. कोलंबियातून आलेला असेल तर कोचुईचा प्रश्नच मिटतो. उत्तर ‘ब्राझील’ आले तरच पुढची तपासणी करण्यात अर्थ आहे.

त्याआधी आणखी एक शक्यता काढून टाकायला हवी: हे एखाद्या मोठ्या जातीचे पिल्लू तर नाही ना? कोरीडोरस पॅलिएटस ही सर्रास मिळणारी जात वाढून सहा-सात सेंटिमीटरची होते. (चार्ल्स डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केलेल्या माशांवरून १८४२ मध्ये वर्णन झालेली जात ती हीच.) तिची दोन सेंटिमीटरची पिल्लेही तपकिरी आणि डागाळलेली असतात. पिल्लू ओळखण्याच्या खुणा अशा: डोळे डोक्याच्या मानाने फार मोठे दिसतात, पर अंगाच्या मानाने मोठे असतात आणि डागांच्या कडा विस्कटलेल्या असतात. पूर्ण वाढलेला हॅब्रोसस दोन सेंटिमीटरचाच असला तरी त्याचे अंग भरलेले आणि रेखीव दिसते. मादीच्या पोटात अंडी असतील तर वाद संपलाच. पिल्लाच्या पोटात अंडी नसतात.

तरीही ठरत नसेल तर मोजा. आज एक फोटो पट्टीसह काढा, दोन महिने नीट खाऊ घाला, पुन्हा एक काढा. साडेतीन सेंटिमीटर ओलांडले तर तो बुटका कोरी नव्हे.

मोजताना एक गोष्ट सांभाळा. शास्त्रीय वर्णनात दिलेली लांबी बहुतेकदा ‘प्रमाण लांबी’ असते. ती तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंत मोजतात, शेपटीचा पर त्यात धरत नाहीत. तुमचा मासा टोकापासून टोकापर्यंत २६ मिलिमीटर भरला आणि शेपटीचा पर ५ मिलिमीटरचा असेल, तर वर्णनाशी ताडून पाहायचा आकडा २१. ‘पुस्तकात २१ लिहिले आहे, माझा २६ चा आहे, म्हणजे जात वेगळी’ असे निष्कर्ष याच गोंधळातून निघतात.

प्रश्न : ओळखीसाठी फोटो पाठवला की उत्तर येते, ‘फोटो पुरेसा नाही’. पुरेसा म्हणजे कसा? मासा स्थिर राहत नाही आणि काचेत माझेच प्रतिबिंब येते.

उत्तर : टाकीतला फोटो नक्षीसाठी उपयोगी पडतो, बांध्यासाठी नाही. बांध्यासाठी मासा एका सपाट प्रतलात आणावा लागतो. त्यासाठी एक अरुंद काचपेटी करून घ्या: लांबी १२ सेंटिमीटर, उंची १०, आतली रुंदी ३. काच ३ मिलिमीटर जाडीची चालते. सिलिकॉनने चिकटवा, पूर्ण सुकू द्या, व्हिनेगरचा वास पार गेल्यावर दोनदा पाणी भरून ओता. आत सरकवण्यासाठी काचेचा एक सुटा तुकडाही लागेल. त्याच्या मागे स्पंजाचा तुकडा बसवला की तो जागच्या जागी राहतो.

पेटीत त्याच टाकीचे पाणी सहा-सात सेंटिमीटर भरा. नव्या पाण्याने तापमान बदलते, बुडबुडे काचेला चिकटतात आणि फोटोत ते पांढरे ठिपके म्हणून दिसतात. पेटी काठोकाठ भरून झाकू नका. हे मासे अधूनमधून वर येऊन हवा गिळतात आणि आतड्याच्या मागच्या भागातून प्राणवायू घेतात. त्यांना पृष्ठभाग मोकळा हवा. मासा आत सोडला की सुटी काच हळूहळू पुढे आणा, मासा वळू शकणार नाही पण दबणारही नाही इतकीच. कल्ल्यांची झाकणे सहज हलताना दिसली पाहिजेत.

पट्टी बाहेरच्या बाजूला चिकटवू नका. ती माशाच्या जवळ, समोरच्या काचेच्या आतल्या अंगाला असावी. पट्टी बाहेर आणि मासा तीन सेंटिमीटर मागे असेल तर माप कमी भरते. दोन सेंटिमीटरच्या माशात एवढी चूकही महाग पडते.

मागे मध्यम करडा कागद लावा. पांढऱ्या कागदामुळे कॅमेरा चित्र अंधारे करतो आणि काळा डाग आणि तपकिरी डाग एकसारखे दिसतात. दोन दिवे वरून, डाव्या-उजव्या बाजूंनी, साधारण ४५ अंशांत ठेवा. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश बंद. काळ्या कापडाला भिंग मावेल एवढे भोक पाडून ते कॅमेऱ्यापुढे धरले की तुमचे प्रतिबिंब नाहीसे होते. मॅक्रो भिंग असेल तर छिद्र एफ ८ ते एफ ११ आणि शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागापेक्षा वेगवान ठेवा. फोन असेल तर अगदी जवळ नेऊ नका. थोडे लांबून, दुप्पट झूमवर, भराभर वीस-तीस फोटो काढा आणि त्यातला ज्यात पाठीचा पर पूर्ण उभारलेला आहे तो निवडा.

हवेत ते फोटो असे: डावी कूस, उजवी कूस, वरून डोके, तोंडाचा तिरका फोटो आणि जमल्यास खालून पोट व छाती. दोन्ही कुशी का, असे पुष्कळजण विचारतात. डाग दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखे नसतात, आणि एका बाजूचा तुटलेला डाग ही जातीची खूण आहे की जुनी जखम, हे दुसरी बाजू पाहिल्यावरच कळते. सगळे मिळून दहा मिनिटांत उरका. श्वास फार जलद झाला तर आणखी फोटोंचा मोह सोडा आणि मासा परत सोडा.

एक सावधगिरी: भ्यालेला मासा पाच मिनिटांत फिका पडतो. पेटीतल्या फोटोवरून परांच्या काड्या आणि तोंडाची ठेवण पाहायची. नक्षीसाठी त्याच माशाचा, दिवसा, घरच्या टाकीतला, दिवे लागून तासभर झाल्यानंतरचा फोटो सोबत द्यायचा. दिवे लावल्या लावल्याही रंग उतरलेला असतो.

प्रश्न : फोटो मिळाल्यावर त्यात नेमके काय पाहायचे? रंगाखेरीज दुसरे काही समजत नाही.

उत्तर : रंग शेवटी पाहा. विशेषतः हिरवी-सोनेरी चमक आणि नारिंगी छटा यांवर भिस्त ठेवू नका. त्या खाद्याने, प्रकाशाने आणि भीतीने बदलतात आणि अल्कोहोलमध्ये जतन केलेल्या नमुन्यात उरतही नाहीत. जुनी वर्णने अशाच नमुन्यांवरून लिहिलेली असल्याने त्यांत काळ्या-तपकिरी डागांनाच महत्त्व आहे, कारण ते टिकतात.

सुरुवात कुशीपासून करा. कोरी ज्या कॅलिक्थिडी कुलातले, त्या कुलात प्रत्येक कुशीवर हाडाच्या पट्ट्यांच्या दोन रांगा असतात. वरची आणि खालची रांग कुशीच्या मधोमध एकमेकींना भेटतात. हे चिलखत दिसले नाही तर मासा कोरी नाहीच, पुढे वेळ घालवू नका. मग पाठीच्या मुख्य परामागचा लहानसा मेदपर पाहा. कोरीत तो असतो आणि त्याच्या पुढच्या कडेला बारीक काटा असतो.

आता पाठीच्या पराच्या काड्या. पुढचा जाड काटा वेगळा धरा आणि त्यामागच्या, टोकाकडे फाटे फुटलेल्या काड्या मोजा. कोरींमध्ये त्या सहसा सात भरतात. शेवटच्या दोन काड्या अंगापाशी एकाच बुडातून निघत असतील तर ती एक धरायची. आठ मोजणाऱ्यांचा हिशेब बहुतेकदा इथेच चुकतो. दहा किंवा अधिक भरल्या तर ब्रोकिस स्प्लेंडेन्स किंवा त्याच्या जवळच्या जातीचे पिल्लू समजावे. मग तो मासा आज तीन सेंटिमीटरचा असला तरी बुटका नव्हे.

त्यानंतर डोळ्यापासून तोंडाच्या टोकापर्यंतचे अंतर. ते डोळ्याच्या व्यासाशी ताडून पाहा आणि कपाळापासून खाली येणारी रेषा गोलाकार उतरते, सरळ उतरते की मध्ये खोलगट होते ते लिहून ठेवा. लिहून ठेवणे महत्त्वाचे, कारण दुसरा फोटो पाहिल्यावर पहिल्याची आठवण बदलते.

डोळे बारीक, अंग लांबट आणि डोके चपटे वाटले तर ॲस्पिडोरस या प्रजातीचा (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) विचार करा. तिच्या जाती ब्राझीलच्या लहान ओढ्यांतल्या असतात आणि कोरी म्हणून सहज खपतात. कोरीडोरस आणि ॲस्पिडोरस यांच्यातला पक्का फरक कवटीच्या वरच्या फटीत आहे: ॲस्पिडोरसमध्ये ती आखूड आणि गोलसर, कोरीडोरसमध्ये लांबट. मासा जिवंत असताना ही फट वरून काढलेल्या, चांगल्या उजेडातल्या फोटोत कधी दिसते, कधी नाही. न दिसल्यास डोळ्यावरून केलेला अंदाज अंदाज म्हणूनच नोंदवावा.

प्रश्न : एकाच पिशवीतून आलेल्या दोन माशांची नक्षी हुबेहूब सारखी, पण एकाचे तोंड आखूड आणि दुसऱ्याचे लांब आहे. एक म्हातारा आणि एक तरुण असेल का?

उत्तर : वयाने तोंडाची ठेवण थोडी बदलते, पण इतकी नाही. हे दोन वेगळ्या जातींचे मासे आहेत, आणि ते एकाच ओढ्यात एकत्र फिरताना पकडले गेले असावेत. कोरींमध्ये असे वारंवार आढळते. छातीच्या आणि पाठीच्या पराचे काटे टणक असतात, उभारून अडकवता येतात, आणि छातीच्या काट्याजवळच्या ग्रंथींतून विषारी स्राव येतो. भक्ष्य म्हणून असा मासा नकोसा. एकाच ओढ्यातल्या दोन-तीन जातींनी सारखीच नक्षी धारण केली की शिकारी एकदा शिकतो आणि सगळ्यांनाच टाळतो. २०११ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने याची बारकाईने तपासणी केली. अशा जोडीदार जाती बहुतेकदा एकमेकींच्या जवळच्या नातलग नसतात आणि त्यांची तोंडे वेगवेगळ्या लांबीची असल्याने खाण्यावरून त्यांच्यात फारशी स्पर्धाही होत नाही.

ही नक्कल कोरींच्या बाहेरही जाते. पॅराग्वेतून २००३ मध्ये दोन नव्या जातींचे वर्णन एकत्रच झाले: कोरीडोरस डायफीस आणि ओटोसिंक्लस मिम्युलस. दोन्ही वेगळ्या कुलांतल्या, दिसायला मात्र एकसारख्या. ओळख पटवणाऱ्याने ही जोडी कायम डोक्यात ठेवावी. नक्षी सारखी म्हणून जात एक, हा नियम या माशांना लागू होत नाही.

तुमच्या प्रश्नातला ‘एकाच पिशवीतून’ हा तपशील फार मोलाचा आहे. दोन्ही एकाच नदीतले असण्याची ती खूण आहे. पिशवीवरची किंवा खोक्यावरची चिठ्ठी फेकली नसेल तर जपून ठेवा.

प्रश्न : काचेला चिकटून बसणारा, साडेतीन सेंटिमीटरचा, कुशीवर काळी रेघ असलेला मासा पिग्मी कोरी आहे का? काही जण ‘ओटोसिंक्लस ॲफिनिस’ म्हणतात.

उत्तर : काचेला तोंडाने चिकटत असेल तर तो कोरी नाही. खालच्या बाजूला चूषकासारखे तोंड असलेले हे मासे लोरिकॅरिडी कुलातले. आता मेदपर पाहा. नसेल तर ओटोसिंक्लस. असेल तर पॅरोटोसिंक्लस किंवा ॲन्सिस्ट्रसचे पिल्लू. ॲन्सिस्ट्रसच्या कल्ल्याच्या झाकणापाशी बारीक काट्यांचा झुबका असतो आणि मासा पकडला की तो बाहेर येतो.

‘ॲफिनिस’ हे नाव जवळपास प्रत्येक ओटोसिंक्लसला लावले जाते आणि जवळपास प्रत्येक वेळी ते चुकीचे असते. त्या नावाची खरी जात आग्नेय ब्राझीलमधली, आता मॅक्रोटोसिंक्लस या वेगळ्या प्रजातीत धरली जाणारी आणि विक्रीत दुर्मिळ आहे. तुमच्याकडचा मासा ओटोसिंक्लस व्हिटॅटस किंवा मॅक्रोस्पिलस असण्याची शक्यता अधिक. शेपटीच्या बुडाशी रेघ संपते तिथे पाहा: मोठा गोलसर डाग असेल तर मॅक्रोस्पिलस, रेघ फारशी न फुगता संपत असेल तर व्हिटॅटसकडे झुका. कुशीवर रेघेऐवजी उभे पट्टे असतील तर तो पेरूतला ओटोसिंक्लस कोकामा, त्याचे वर्णन २००४ मधले.

या माशांच्या बाबतीत नावाआधी पोट पाहा. वाहतुकीत ते उपाशी राहतात. पोट आत गेलेले असेल तर फोटोची पेटी बाजूला ठेवा. टाकीत शेवाळ धरलेले दगड आणि वाफवलेली काकडी किंवा दुधी ठेवा, चोवीस तासांत उरलेला तुकडा काढा आणि पोट गोल झाल्यावरच त्यांना हात लावा.

प्रश्न : जुन्या पुस्तकात कोरीडोरस पिग्मियस, नव्या यादीत गॅस्ट्रोडर्मस पिग्मियस. टाकीवर कोणती चिठ्ठी लावू?

उत्तर : नवी लावा आणि कंसात जुनी. कोरीडोरस या एका प्रजातीत १७० हून अधिक जाती जमा झाल्या होत्या. २०२४ मध्ये जनुकीय आणि शारीरिक लक्षणे एकत्र तपासून या गटाची फेरमांडणी झाली आणि जाती सात प्रजातींत विभागल्या गेल्या: ॲस्पिडोरस, ब्रोकिस, कोरीडोरस, गॅस्ट्रोडर्मस, होप्लिसोमा, ऑस्टिओगास्टर आणि स्क्लेरोमिस्टॅक्स. पिग्मियस आणि हॅस्टॅटस गॅस्ट्रोडर्मसमध्ये गेले, हॅब्रोसस होप्लिसोमात. कोरीडोरस हे नाव आता प्रामुख्याने लांब तोंडाच्या जातींपुरते उरले आहे. शोधताना जातीच्या नावाचा शेवटही बदलून पाहा: होप्लिसोमा हॅब्रोसम, होप्लिसोमा पॅलिएटम, ऑस्टिओगास्टर एनिया. जुन्या रूपाने शोधले तर नव्या याद्यांत काहीच सापडत नाही.

ब्रोकिसची व्याप्तीही या मांडणीत वाढली आहे. पाठीच्या परात दहा काड्या म्हणजे ब्रोकिस हा जुना नियम त्यामुळे एकाच दिशेने चालतो. काड्या जास्त असतील तर ब्रोकिस, पण सात असतील म्हणून ब्रोकिस नाही असे म्हणता येत नाही.

या उत्तरांत जुनीच नावे जास्त वापरली आहेत, कारण वाचकांच्या चिठ्ठ्यांवर आणि पुस्तकांत तीच आहेत.

प्रश्न : विकताना नावाऐवजी ‘सी’ किंवा ‘सीडब्ल्यू’ आणि पुढे आकडा लिहिलेला होता. हे काय?

उत्तर : अजून शास्त्रीय वर्णन न झालेल्या किंवा ओळख न पटलेल्या माशाला दिलेला तात्पुरता क्रमांक. ‘सी’ क्रमांकांची सुरुवात १९९३ मध्ये जर्मनीतल्या ‘डीएटीझेड’ या मासिकाने केली. ‘सीडब्ल्यू’ ही त्यानंतरची वेगळी मालिका. क्रमांक म्हणजे जात नव्हे. एकाच जातीच्या दोन रूपांना दोन क्रमांक मिळालेले असू शकतात. क्रमांक मिळाला असेल तर तो पुसून स्वतःच्या अंदाजाने नाव लिहू नका. त्या क्रमांकासोबत बहुधा नदीचे नाव जोडलेले असते आणि ती माहिती अंदाजापेक्षा मोलाची.

प्रश्न : वाळलेल्या पानासारखा चपटा, दिवसभर न हलणारा, खवले नाहीत, चिलखत नाही. हाही कोरीचाच भाऊबंद?

उत्तर : नाही. हा बॅन्जो कॅटफिश, ॲस्प्रेडिनिडी कुलातला. डोके रुंद आणि चपटे, शेपटीकडचा भाग काडीसारखा, कातडीवर बारीक गाठी आणि मेदपर नाही. एवढ्यावरून कुल पक्के होते. बहुतेकदा ब्युनोसेफॅलस प्रजातीतला मासा मिळतो. जातीपर्यंत जाण्यासाठी परांच्या काड्या आणि डोक्यावरचे उंचवटे यांचे जवळून काढलेले फोटो लागतात. तो वाळूत पुरून घेतो, म्हणून खडी तीक्ष्ण असेल तर आधी ती बदला.

प्रश्न : फोटोसाठी पकडताना कोरी जाळीत अडकला आणि सोडवताना काटा बोटात गेला. काय करावे?

उत्तर : मासा ओढू नका. छातीच्या पराचा काटा उभा राहून अडकलेला असतो. ओढले तर काटा मोडतो किंवा बुडाशी जखम होते. जाळी माशासकट पाण्यात धरा आणि एक-दोन मिनिटे थांबा. मासा शांत झाला की बरेचदा काटा स्वतःच मिटतो. नाही मिटला तर लहान कात्रीने जाळीचे दोन-तीन धागे कापा. पुढच्या वेळी जाळी वापरूच नका. पारदर्शक प्लास्टिकचा डबा तळाशी आडवा धरून माशाला दुसऱ्या हाताने हलकेच आत वळवा आणि पाण्यासकट उचला. पिशवीतून नेतानाही दोन पिशव्या एकात एक घाला, कारण काटा एका पिशवीतून आरपार जातो.

बोटाला लागले असेल तर साबणाने धुवा आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात बोट बुडवून ठेवा. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासा, कारण दुखऱ्या बोटाला चटका कळत नाही. काट्याचा तुकडा आत राहिला, सूज वाढत गेली किंवा अंगावर पित्त उठले तर डॉक्टरांकडे जा, आणि कोणत्या माशाचा काटा लागला ते सांगा.